धुराची मोजणी

समितीत एक बाई लागते, म्हणून माझं नाव टाकलं.
सिव्हिल लाइन्स, भूमी अभिलेख कार्यालय,
मे महिना, पारा सेहेचाळीसवर,
आणि विषय क्रमांक एक:
आवारात, उघड्यावर, विडी-सिगारेट ओढू द्यावी की नाही.

कूलर खडखडत होता, कोणाचं कोणाला ऐकू येईना.
त्यात अध्यक्ष लांजेवार साहेबांच्या गालात खर्रा,
म्हणून दोन्ही बाजूंना त्यांचं एकच, "हं."
खर्ऱ्याला धूर नसतो.
तो विषयपत्रिकेवर नव्हता.

संघटनेचे निनावे उठले:
"माणूस आभाळाखाली उभा राहून ओढतो, मॅडम.
आभाळ का ऑफिसच्या नावावर आहे?
सातबारा दाखवा."
सगळे हसले. मीही.
आवक-जावकच्या रेवती सहारेनं हसता हसता पंप काढला,
दोनदा ओढला, पर्समध्ये ठेवून दिला.
तिची खिडकी चिचबिलाईच्या झाडाकडे उघडते.
उघडत नाही खरं तर.
चार वर्षं झाली.

त्या झाडाबद्दल मला बोलायचं होतं.
बदल्या तिथं ठरतात. कोण गडचिरोलीला,
कोण इथंच, कोणाची फाईल कोणाच्या खाली,
सगळं दोन झुरक्यांच्या मधल्या वेळेत.
एकोणीस वर्षांत एकदा गेले होते, सही हवी होती.
सगळे गप्प झाले. एकानं तर सिगारेट पाठीमागं लपवली,
जणू मी त्याच्या शाळेतली बाई.
धूर मला नकोच होता.
पण ती शांतता कोणत्या नियमात बसते,
हे विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात चहा आला.

मतं घेतली. तीन इकडे, तीन तिकडे.
माझा हात अर्धा वर गेला.
रेवतीसाठी, की त्या झाडावरचा राग,
मलाच नीट ठरवता येईना.
तेवढ्यात साहेब उठले, खिडकीतून पचकन थुंकले,
आणि सभेतलं त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य बोलले:
"मधला मार्ग काढा, अंतर ठरवा."
अर्धा हात इतिवृत्तात येत नाही.

अंतर! त्यात आमचा हात कोण धरणार.
कामठीकडचे दोन भाऊ वीतभर धुऱ्यासाठी
बारा वर्षं आमच्या पायऱ्या झिजवतायत.
धूर आणि धुरा,
बोलताना एका कान्याचा फरक.

उईकेंनी रेकॉर्ड रूममधून जुनी लोखंडी साखळी आणली,
हौसेनं, टेप असताना.
दारापासून पंधरा मीटर.
टोक धरायला ओढणारेच पुढे आले,
ओठांत सिगारेट, डोळे बारीक, भर उन्हात
इतक्या काटेकोरपणे आम्ही शेतकऱ्याचंही शेत मोजत नाही.
पिवळा पट्टा मारला.
रंग पडता पडता वाळला.

आवार झाडणारी शेवंताबाई खराटा टेकवून बघत होती.
"थोटकं आता कोणत्या बाजूनं पडतीन,
तेवढं सांगा ना बाई,
मी झाडू तिकडूनच सुरू करतो."
समितीत तिला कोणी विचारलं नव्हतं.
मीही नाही.

चार वाजता पश्चिमेचा गरम वारा सुटला.
उईके पट्ट्याला बरोबर अंगठे लावून उभे,
"मॅडम, हद्द कायम!"
आणि धूर त्यांच्या खांद्यावरून निघाला,
पट्टा ओलांडून, नकाशा न बघता,
सरळ आवक-जावकच्या बंद खिडकीपाशी,
फटीतून आत.

मोजणीआधी लगतच्या खातेदाराला नोटीस द्यावी लागते.
नियम आहे आमच्याकडे.
टंकलिखित नमुना माझ्याच कपाटात असतो.